कपाळावरची सवत

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. तीन सेलची, पत्र्याची, हातात धरायची. शहरात मला टॉर्च म्हणतात. आमच्या मुखेडकडे सगळे बॅटरीच म्हणतात. माझी काच एका बाजूला तडकली आहे. अंगाची चकाकी एकाच ठिकाणी, चार बोटांएवढी, झिजली आहे. ती कशी झिजली ते सांगणारच आहे. त्याआधी एक कबूल करते. आमच्या घरात एक नवी बॅटरी आली आहे, पट्ट्याने कपाळावर बांधायची. मला तिचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, फार वाटतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची नळी वळली, आत आरशासारखी वाटी बसवली, पुढे काच लावली आणि मला खोक्यात ठेवलं. जाग आली ती मुखेडला मडिवाळप्पांच्या दुकानात. तिथे मोटारीचे स्टार्टर, वायरी, बल्ब असलं सामान होतं. बाजाराच्या दिवशी भर दुपारी अंबिका आली. तिच्यामागे तिचे मालक भीमाशंकर होते. त्यांना घरात आणि गावात अप्पा म्हणतात.

मडिवाळप्पांनी मला लावून समोरच्या भिंतीवर धरलं आणि हिचा उजेड डोंगरापर्यंत जातो असं सांगितलं. उन्हात कोणाला काही दिसलं नाही. अप्पांनी मान डोलावली. अंबिका मात्र हसली.

"दिवसा बॅटरी घिऊन काय कळतंय, अण्णा? आत चला."

तिने सात बॅटऱ्या मागच्या अंधाऱ्या खोलीत नेल्या, दार लोटून घेतलं आणि एकेक लावून उजेड आपल्याच पायांवर टाकला. माझी पाळी आली तेव्हा तिची जोडवी चमकली. पायाखाली पडलेला एक बारीक खिळासुद्धा दिसला. "मला डोंगर न्हाई बघायचा," ती म्हणाली. "पाय दिसला पाहिजे." सातांतून तिने मला उचललं. तो दिवस मी विसरलेले नाही.

आता माझं काम ऐका. आमच्याकडे शेताच्या मोटारीला लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की रात्रीच पाणी द्यावं लागतं. शेत ओढ्यापलीकडे आहे. त्यात हळद आहे आणि खालच्या बाजूला हरभरा. जाताना अप्पा पुढे आणि अंबिका मागे. मागून ती माझा उजेड अप्पांच्या पावलापुढे टाकत चालायची. शेतात पोचलं की अप्पा वरच्या टोकाला, जिथे सरीत पाणी सोडतात तिथे, फावडं घेऊन उभे राहायचे. अंबिका मला घेऊन सरीच्या खालच्या टोकाला जायची. पाणी खालपर्यंत आलं की ती मला उंच धरून दोनदा उघडझाप करायची. अप्पांच्या दोन्ही हातांत फावडं असायचं, म्हणून होकार द्यायला ते तिकडून ओरडायचे, "हाव!" मग ही सरी बंद आणि पुढची सुरू. रात्रभर असंच चालायचं. दोनदा उजेड, एकदा हाव.

अंबिकाच्या चार बोटांनी माझी चकाकी झिजली. कोणी भाकरी मागायला आलं तर ती देत असे. मला मागायला आलं तर देत नसे. शेजारच्या धम्मदीपची गाय अडली तेव्हा ती मला घेऊन स्वतः गेली, पण मला त्याच्या हातात दिलं नाही. मी फुगून गेले होते, मित्रांनो. या घरात माझ्याशिवाय उजेड नाही, असंच मला वाटायचं.

गेल्या श्रावणात अंबिका गेली. चार दिवस ताप आला आणि गेली. आमच्याकडे दहन करत नाहीत, माती देतात. शेताच्या खालच्या टोकाला, कडुलिंबाखाली, तिला माती दिली. पाणी आलं की ती जिथे उभी राहायची तिथेच.

हरभऱ्याला पहिलं पाणी द्यायची वेळ आली ती रात्रपाळीतच. अप्पांनी मला खिळ्यावरून काढलं आणि एकटेच निघाले. पण फावडं दोन हातांचं काम. त्यांनी मला काखेत धरलं, तर माझा उजेड आभाळात. मानेत धरलं, तर बाभळीवर. शेवटी दातांत धरलं. त्यांचे दात माझ्या पत्र्यावर अजून उमटलेले आहेत. वाकताना मी निसटले आणि सरीच्या पाण्यात पडले. पाणी आत शिरलं आणि मी विझले.

अंधारात अप्पांनी एक पाऊल टाकलं आणि अगदी जवळून घोणस फुत्कारली. कुकरची वाफ सुटावी तसा तो आवाज असतो. अप्पा जागच्या जागी थांबले. पाणी पोटरीला लागत होतं, मोटार चालू होती आणि सरी फुटून पाणी धम्मदीपच्या रानात चाललं होतं. त्यामुळेच तो आला. बांधावरून एक उजेड येताना दिसला. तो त्याच्या हातात नव्हता, कपाळावर होता. उजेड पडला तशी घोणस गवतात निघून गेली. धम्मदीपने फुटलेली सरी बांधली, मला चिखलातून काढलं आणि म्हणाला,

"मामा, ही धरायला माणूस लागतं. माणूस न्हाई तर कपाळाची घ्या."

अप्पांनी मला त्याच्या हातातून घेतलं. मला मात्र ते वाक्य झोंबलं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच झोंबलं.

अप्पांची मुलगी अंजू मुरुडला दिली आहे. तिला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी तिने फोनवर सांगितलं की शेत बटईने दुसऱ्याला कसायला द्या आणि माझ्याकडे राहायला या. अप्पा शेतातच होते, कडुलिंबाकडे बघत ऐकत राहिले. मग त्यांनी एवढंच मागितलं की मी कपाळाची बॅटरी घेतो, पुढच्या रात्रपाळीला तू स्वतः ये आणि बघ, नाही जमलं तर तू म्हणशील तसं. अंजू कबूल झाली. म्हणजे आता एका बॅटरीवर ठरणार होतं की अप्पा या शेतात राहणार की जाणार. आणि ती बॅटरी मी नव्हते.

अप्पांनी मला उन्हात वाळवलं. मी पुन्हा लागले. मला पिशवीत घालून ते भर दुपारी मडिवाळप्पांकडे गेले. मडिवाळप्पांनी सगळ्यात मोठी कपाळाची बॅटरी दाखवली. तिला तीन डोळे होते, लाल दिवा होता आणि किंमतही परवडणारी होती. उजेड डोंगरापर्यंत जातो, ते म्हणाले. अप्पांनी भिंतीकडे बघितलं आणि मान डोलावली. मी पिशवीत ओरडत होते, की अंबिका काय म्हणाली होती ते आठवा. पण माझं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

रात्रपाळीची अजून एक रात्र उरली होती. अप्पा तीन डोळ्यांची बांधून निघाले, मी खिशात. ती जड होती, सारखी भुवईवर घसरायची. तिला खाली वाकवायची सोय नव्हती. ओढ्यापलीकडच्या टेकडीवरचं झुडूप लख्ख दिसत होतं आणि पायाखाली काळोख. पाखरं उजेडावर येऊन अप्पांच्या डोळ्यांत शिरत होती. खरं सांगते, मला आनंद होत होता. पडू देत अप्पा एकदा, असं माझ्या मनात आलं. आणि अप्पांचा पाय ओढ्याच्या घळीत खरंच मुरगळला. ते तिथेच खाली बसले. थोड्या वेळाने ती तीन डोळ्यांची मिटून गेली, कारण तिचं चार्जिंग मध्यरात्रीपर्यंतही पुरलं नाही. अप्पांनी मला लावलं आणि घोटा बघितला. सुजलेला होता. माझाच उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला, तेव्हा माझा आनंद गेला. त्या रात्री पाणी दिलंच नाही. माझ्या उजेडात लंगडत घरी आले.

आठवड्याने, पाय टेकवता येऊ लागल्यावर, अप्पा पुन्हा दुकानात गेले. दिवस बाजाराचाच, ऊनही तेच. मडिवाळप्पांनी बॅटरी बदलून द्यायचं कबूल केलं आणि दुसरी भिंतीवर धरायला लागले. अप्पांनी त्यांचा हात धरला.

"दिवसा काय कळतंय, अण्णा. आत चला."

मडिवाळप्पा थांबले. "अक्का असंच म्हणल्या होत्या," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी स्वतः मागच्या खोलीचं दार उघडलं.

आत अप्पांनी चार बॅटऱ्या एकेक करून कपाळावर बांधल्या. मान हलवून बघितली, घसरते का ते. बादलीत बोटं बुडवून बटण दाबलं, कारण रानात बोटं ओलीच असतात. सगळ्यात मंद उजेड लावून बघितला, कारण रात्रभर तेवढाच पुरवायचा असतो. मग डोकं खाली वाकवलं.

"मला डोंगर न्हाई बघायचा," अप्पा म्हणाले. "पाय दिसला पाहिजे." ते डोकं वाकवूनच उभे राहिले. मडिवाळप्पा काही काम नसताना एका वायरीचं वेटोळं गुंडाळत बसले.

चौथी बॅटरी लहान होती, दिसायला अगदी साधी, आणि चौघींत स्वस्त. तिचं तोंड खाली वाकवता येत होतं. आत बारीक सेल बसत होते, गावातल्या किराणा दुकानातही मिळणारे. तिच्या उजेडात अप्पांच्या पायाची भेग न् भेग दिसली. त्यांनी तीच घेतली. मित्रांनो, मला सगळ्यात जास्त कशाने जळवलं असेल तर याने. अंबिकाने मला निवडायला जी परीक्षा घेतली, त्याच परीक्षेत ही पास झाली.

आणि जागा कुठे मिळाली तिला? कपाळावर. अप्पा अंघोळ करून कपाळाला विभूतीचे तीन पट्टे लावतात. तिचा पट्टा बरोबर त्यावर बसतो. रात्री ती काढली की तिच्या पट्ट्याला विभूती लागलेली असते. मी इतकी वर्षं या घरात आहे. माझ्या अंगाला चिखल लागला, घाम लागला, दात लागले. विभूती कधी लागली नाही.

धम्मदीपने बांधावरून बघितलं आणि हसत म्हणाला, "काय मामा, जुनीला सवत आणली की!" म्हणाला आणि जीभ चावली. अंबिका जाऊन वर्षही झालं नव्हतं.  अप्पा म्हणाले, "आणली बाबा. घरातली जुनी बोलत न्हाई, म्हणून बरंय." तेव्हा धम्मदीप मोकळा झाला. मी मात्र बोलत नाही हे खरं नाही. मी आतल्या आत बडबडत होते.

मला भिंतीतल्या देवळीत ठेवलं, सेल काढले नाहीत. सरीत भिजलेले सेल लवकरच पाझरले, माझ्या पोटात हिरवं साचलं, बटण घट्ट झालं. कोणी बघितलं नाही. पुढची रात्रपाळी आली तेव्हा कबूल केल्याप्रमाणे अंजू आली. देवळी झाडताना तिने मला उघडलं.

"आईची बॅटरी अशी ठेवता का, अप्पा?"

 अंजूने जुने सेल टाकले, घासकागदाने माझं पोट साफ केलं, नवे सेल घातले. पुसताना तिची बोटं त्या झिजलेल्या जागी गेली आणि तिथेच राहिली.

रात्री बाप-लेक शेतात गेले. मी अंजूच्या हातात होते, पण ती वर बांधावर बसून नुसती बघत होती. तशी अट होती. नवी बॅटरी चांगली चालली. मला वाईट वाटलं तरी सांगते, चांगली चालली. अप्पांचे दोन्ही हात मोकळे होते आणि पाऊल टाकतील ती जागा दिसत होती. पण पाणी खाली पोचलं का, हे वरून कसं कळणार? ती उजेड तिथेच टाकते जिथे अप्पा बघतात. म्हणून दर सरीला अप्पा लंगडत खाली जाऊन बघायचे आणि लंगडत वर यायचे. सहा सऱ्यांत त्यांना धाप लागली. अंजू उठली. म्हणाली, "अप्पा, हे रोज न्हाई जमायचं तुम्हाला."

अप्पांनी फावडं टेकलं. कडुलिंबाकडे बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला. "ती आण इकडं."

मला घेऊन ते खाली गेले. अंबिकाच्या मातीवर चार दगड रचलेले आहेत. त्यातल्या वरच्या दगडावर त्यांनी मला आडवं ठेवलं, माझं तोंड सऱ्यांच्या शेवटाकडे केलं, मला लावलं आणि वर निघून गेले. मी कोरड्या मातीवर उजेड टाकत एकटी पडून राहिले. वर दूर, ती दुसरी अप्पांच्या कपाळावर होती. मोटारीचा आवाज येत होता.

मग माती काळी झाली आणि पाणी माझ्या उजेडात आलं. कोरडी माती चमकत नाही, पाणी चमकतं. वरच्या टोकावरून तो चमकणारा ठिपका दिसला असणार. सवयीनेच अप्पांच्या तोंडून निघालं.

"हाव!"

श्रावणानंतर तो शब्द त्या शेतात आला नव्हता. खालच्या टोकाला कडुलिंब होता, दगड होते आणि मी होते. अप्पांच्या कपाळावरचा उजेड थोडा वेळ तसाच माझ्याकडे तोंड करून थांबला. मग खाली वाकला. ही सरी बंद झाली, पुढची सुरू झाली. पहाटेपर्यंत त्यांनी एकदाही खाली चक्कर मारली नाही. अंजू बांधावर पदर तोंडाला लावून बसून होती. दुसऱ्या दिवशी ती मुरुडला एकटीच गेली. बटईचं नाव तिने काढलं नाही.

मित्रांनो, तुम्ही अंधारात चालायला बॅटरी घ्याल तेव्हा आधी अंधाऱ्या खोलीत जा आणि आपले पाय बघा. वापर संपला की सेल काढून ठेवा, आम्हाला आतून सडवू नका. आणि तुमच्या मागे कोणी उजेड धरून चालत असेल, तर एकदा मागे वळून त्या हाताकडेही बघा. अप्पा इतकी वर्षं पुढेच बघत चालले.

आता घरात आम्ही दोघी एकाच खिळ्याला टांगलेल्या असतो. तिचा पट्टा माझ्या अंगावर येतो आणि त्याची विभूती थोडी मलाही लागते. हेवा अजून गेलेला नाही. पण रात्रपाळीला अप्पा तिला कपाळावर बांधतात, आणि कडुलिंबाखाली नेईपर्यंत मला हातात धरतात, अगदी त्या चार बोटांच्या जागी.