इस्त्रीखाली गेलेली पट्टी

मी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी बोलते आहे. दवाखान्यात मला कार्डिओग्राम म्हणतात. आज मी काळी पडले आहे, म्हणून सांगितल्याशिवाय ओळखू येणार नाही.

माझा जन्म १९७६ च्या भाद्रपदात, परभणीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या खोलीत झाला. वालूरच्या नागनाथ शिंप्याची बायको सुलाबाई पलंगावर निजली होती. काजं-बटणं करता करता ती दोनदा बेशुद्ध पडली होती. गावाने फेफरं ठरवून तिला कांदा हुंगवला होता. डॉक्टरांनी तिच्या हातापायांना पट्टे बांधले आणि यंत्राची तापलेली सुई माझ्यावरून चालू लागली. माझ्या अंगावर पांढरं मेण असतं. उष्णतेने ते वितळतं आणि काळी रेघ उमटते.

ठोका, ठोका, ठोका. मग रेघ सपाट झाली. सुलाबाईचे डोळे फिरले. डॉक्टर खुर्चीतून उठले, तोवर पुन्हा ठोका आला.

"हृदय मधेच थांबतंय," ते नागनाथला म्हणाले. "एखाद्या वेळी सुरूच व्हायचं नाही. मोठ्या दवाखान्यात न्या, छातीत बॅटरी बसवायची सोय करतील. अन् ही पट्टी जपा. हे दर वेळी सापडत नाही."

माझ्या कोपऱ्याला त्यांनी टाचणीने चिठ्ठी लावली. जपा म्हणाले. कशापासून, ते सांगायचं राहिलं.

एस.टी.च्या गर्दीत, नागनाथच्या खिशात मी चुरगळले. जायच्या दिवशी सकाळी त्याने मला दुकानातल्या फळीवर पसरलं. कोळशाची इस्त्री तापलेली होती.

"ते कागद हाय, पोलकं न्हाई," सुलाबाई म्हणाली.

"गिऱ्हाइकाला बिनइस्त्रीचं कधी दिलंय का म्या? हे तर मोठं डॉक्टर. म्हणंल, कुठले गबाळे आले."

"मग माझ्यावरून बी फिरवा एक हात. मी बी लय चुरगळले."

तो हसला. टाचणीचा कोपरा सोडून त्याने इस्त्री फिरवली आणि मी काळी झाले. दोघं बघत राहिले.

"जराशी करपली," तो म्हणाला. "डॉक्टरला कळतंय. चल, सेलूहून गाडी गाठायची हाय."

मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी मला उजेडाकडे धरलं, चिठ्ठी वाचली आणि नवी पट्टी काढली. ती माझी बहीणच. तिच्या अंगावर सगळे ठोके शाळेतल्या पोरांसारखे ओळीत उभे होते.

"थांबतं असं लिहिलंय खरं," ते म्हणाले, "पण मला दिसल्याशिवाय पुढे कसं पाठवू?" रक्तवाढीच्या गोळ्या देऊन त्यांनी महिन्याने बोलावलं.

परतीच्या गाडीत नागनाथ खुशीत होता. "बघ, नीट हाय समदं."

अठराव्या दिवशी दुपारी सुलाबाई सुईत दोरा ओवत होती. तो ओवायचा राहिला.

भाग्याची, सवाष्ण गेली, कसला त्रास म्हणून झाला नाही, असं गाव म्हणालं. माणसांना मरणाचं कौतुक लवकर सुचतं. त्रास माझ्यावर लिहिलेला होता. तो डॉक्टरला वाचता आला असता, हे गावाला ठाऊक नव्हतं.

नागनाथ मला घेऊन परभणीला गेला.

"हिला ऊन लागलं का?" म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

"इस्त्री केली, साहेब. नीटनेटकी दिसावी म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "उष्णता लागू द्यायची नसते. मी सांगायला पायजे होतं," ते म्हणाले.

याला तीन वर्षं झाली. नागनाथ आता कपडे बिनइस्त्रीचे देतो. "शिंपी आळसावला," म्हणून तात्याराव पाटील कुरकुरतात. तो ऐकून घेतो. त्याने कारण कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते आहे. माझ्यासारखा कागद तुमच्या घरी आला, तर चुरगळलेला असला तरी तसाच न्या. डॉक्टरला घडी मोडलेली चालते.

टाचणीपाशी माझी बोटभर जागा पांढरी उरली आहे. तिथे दोन ठोके आहेत. नागनाथ कधीमधी पेटीतून मला काढतो, पहिल्यावर बोट ठेवतो, मग दुसऱ्यावर. पुढे सगळं काळं आहे. तिथे त्याचं बोट थांबतं.