हात एकाचा, डोळे दुसऱ्याचे

पासष्टी उलटली तरी घरात त्याला धाकटाच म्हणत, आणि ताईच्या मते त्यात गैर काही नव्हते. दोघांमधले अंतर काळाने तसूभरही कमी केलेले नव्हते. गाडी दोघांहून थोरली. वडिलांनी ती घेतली तेव्हाच जुनी होती, आणि ते गेल्यावर आणखी जुनी होण्याचे काम ती धाकट्याच्या गॅरेजात निष्ठेने करीत होती.

त्या सकाळी ताई आली ती गाडीचा एक्सल, पुढच्या चाकांमधला आडवा आस, उतरवायला, अशी धाकट्याची समजूत होती. ती पूर्ण खरी नव्हती. मागच्या महिन्यात तो दूध आणायला म्हणून गाडी घेऊन निघाला आणि शहराबाहेर, पेट्रोल संपलेल्या गाडीत, रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसलेला सापडला. डॉक्टरांनी आजाराचे जे नाव घेतले ते त्याच्या बायकोने, वहिनीने, ऐकताक्षणी मान्य केले. ताईने केले नाही. धातूंच्या चाचणीच्या प्रयोगशाळेत तिची हयात गेली होती, आणि एका नमुन्यावरून तिने कधी लोखंडालाही दोषी ठरवले नव्हते. गाडी घरातून जाऊ दे, असे वहिनीचे म्हणणे. ताईने तिच्याकडून एक सवलत मिळवली: त्याला एक अवघड काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करू दे, मी बघते, चुकला नाही तर गाडी राहील, चुकला तर मीच त्याला सांगेन.

"बघा," वहिनी म्हणाली होती. "पण तुम्ही ह्यांच्या ताई आहात, तेवढं बघताना विसरा."

काम धाकट्यानेच सुचवले. पुढच्या एक्सलच्या टोकाला ज्या खिळीवर चाक वळते, ती किंगपिन झिजली आहे, गाडी खड्ड्यात खडखडते, तेव्हा एक्सल खाली घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, असे त्याचे निदान होते.

एक्सल उतरवायची वडिलांची रीत ठरलेली होती: हात एकाचा, डोळे दुसऱ्याचे. जॅक सोडणाऱ्याने एक्सलकडे बघायचे नाही, आणि एक्सलकडे बघणाऱ्याने जॅकला हात लावायचा नाही. हातवाल्याने 'सोडतो' म्हणून थोडे सोडायचे. डोळेवाल्याने एक्सल कलला नाही ना हे पाहून 'थांबला' म्हणायचे. मगच दुसऱ्या बाजूचा जॅक. लहानपणी या रीतीने भावंडांनी स्वयंपाकघरातले कपाटही हलवले होते, आणि 'थांबला' जरा उशिरा आल्यामुळे आईची बोलणी पोटभर खाल्ली होती.

ताई मध्येच फडकी आणायला घरात गेली, तेवढ्या वेळात धाकट्याने मागच्या चाकांना लाकडी पाचरी ठोकल्या होत्या, पुढचा भाग उचलून लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेवला होता आणि चाकेही काढली होती. मग त्याने ब्रेकच्या नळ्या सोडवून त्यांची तोंडे बांधली, स्टिअरिंगचा दांडा सुटा केला. हात अचूक चालत होते, आणि त्यांच्या जोडीला तोंडही. ताई चष्मा सावरून प्रत्येक नट बघते आहे हे त्याच्या ध्यानात आले, तेव्हा ही गाडी आहे, जंतू नव्हे, असे त्याने तिला ऐकवले. मग एक्सलला कमानीच्या पाट्यांशी जखडणाऱ्या बोल्टवर त्याने पाना चढवला, आणि ताई खाली वाकली.

दोन्ही घोड्या एक्सलखाली होत्या.

नुसते चाक बदलायचे असते तर जागा बिनचूक होती. पण उतरवायचा होता तो एक्सलच. पुढचा सारा भार ज्याच्यावर तोललेला, त्याचेच बंध तो सोडवायला निघाला होता. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणारा निदान झाडाखाली तरी झोपत नाही.

एकच नमुना, तिने स्वतःला बजावले.

"धाकट्या, घोड्या नीट बघितल्यास?"

"बघितल्या की."

आणि गाडी पक्की उभी आहे ना हे पाहायच्या रीतीप्रमाणे त्याने उठून तिला खांद्याचा दणका दिला. गाडी जागची हलली नाही. त्याने ताईकडे जिंकल्यासारखे पाहिले. चाचणी निर्दोष होती. ती फक्त भलतीच गोष्ट मोजत होती.

"एक्सल खाली आला," ताई शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली, "की गाडी कशावर उभी राहणार?"

तो वाकून पाहत राहिला. उत्तर शोधणारी माणसे ताईने जन्मभर पाहिली होती. हा प्रश्नच शोधत होता. बऱ्याच वेळाने त्याने पाना अलगद जमिनीवर ठेवला, झोपलेल्या माणसाशेजारी ठेवावा तसा.

पुढे दोघांनी घोड्या चॅसिसखाली, गाडीच्या सांगाड्याखाली, घेतल्या आणि एक्सलखाली दोन बाजूंना दोन जॅक लावले. बोल्ट सुटले. त्यानंतरचे काम मात्र वडिलांनीही नावाजले असते. "सोडतो." "थांबला." "सोडतो." "थांबला." एक्सल केसभरही न कलता जमिनीवर येऊन टेकला. ताईला वाटले, वहिनीला आता नेमके काय सांगायचे? एक चूक आणि एक निर्दोष काम, यांची सरासरी निघत नाही.

तिने सवयीने किंगपिन हलवून पाहिली. डावी, मग उजवी. दोन्ही घट्ट होत्या.

"हिच्यात काही खेळ नाही रे."

"माहीत आहे."

"मग उतरवला कशाला?"

धाकटा फडक्याने बोटे पुसत राहिला.

"तिनं किल्ली लपवलीय. मला तारा जोडून चालू करता येते, ताई. बायकोचं नाव डोक्यातून जाईल, पण तारा जोडणं माझ्या हातातून सगळ्यात शेवटी जाईल. मागच्या वेळी पेट्रोल संपलं म्हणून सापडलो." तो एक्सलकडे बघत होता. "एक्सलच नसला तर कुठे जातोय? तो एकट्यानं चढत नाही. आणि तू चढवू देणार नाहीस."

ताईला त्याचे कौतुक वाटले, आणि लगेच तिने युक्ती तपासली. युक्तीने धोका टळत नव्हता. गाडी मागच्या चाकांच्या जोरावर चालते. इंजिन चालू करून त्याने गिअर टाकला, तर मागची चाके पाचरी उडवून गाडीला ढकलतील आणि तिचे नाक घोड्यांवरून घसरून खाली येईल. जवळ कोणी उभे असले, तर त्याच्यावर. चूक पहिल्याच जातीची होती: काय कशाच्या आधारावर आहे, याचा विसर.

दुसरा नमुना.

"चांगली युक्ती केलीस," ती म्हणाली. तपासून खोटे दिलेले तिचे हे पहिलेच प्रमाणपत्र.

तो हसला, मागच्या महिन्यानंतर प्रथमच. बायकोला तूच सांग, तुझं ती ऐकते, असे म्हणाला. ताईने त्याला हात धुवायला पिटाळले आणि पसारा आपण आवरतो असे सांगितले.

तो दाराजवळच्या बेसिनपाशी गेल्यावर तिने घोड्या पुन्हा पाहिल्या, गाडीला खांदा देऊन पाहिला, एक जॅक मागे सरकवला आणि ती गाडीखाली आडवी झाली. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा काढला की प्रश्न मिटत होता. काम दोन माणसांचे होते. तिने दांड्याचे एक टोक जॅकवर टेकवले आणि बोल्ट काढले. हातही तिचाच, डोळेही तिचेच. जॅकच्या मुठीला हात घालताना जुन्या सवयीने तिच्या तोंडून गेले,

"सोडते."

धाकटा पाठमोरा उभा राहून बोटांवर साबण चोळत होता.

"थांबला," तो म्हणाला.

त्याने मान वळवली नव्हती. दांडा अजून खाली येतच होता.