उरलेली सात मिनिटं

"बाबा, हे लोक म्हणून राहिले का असा भाग त्या अल्बममध्ये हायेच नाही."

रूपालीनं मोबाइल डोळ्यांपासून जरा लांब धरला आणि पुन्हा वाचलं. सूर्यभानजी पोह्यांवर लिंबू पिळत होते. फोड बोटांत तशीच राहिली.

"कोणता भाग?"

"तोच ना, ज्याच्यावर तुमी चार पानं लिहिले. शेवटचे सात मिनिटं."

"नीट वाच."

"नीटच वाचून राहिली. हा एक नॉर्वेचा हाय. तो म्हणते, आदरणीय महोदय, आपण ज्याचं इतकं सुंदर वर्णन केलं ते संगीत घंटेच्या अल्बममधलं नाही, शिडीच्या अल्बममधलं हाय. दुसऱ्या बाजूची सुरुवात. अन् त्याच्याखाली..." ती थांबली.

"त्याच्याखाली काय?"

"हसून राहिले लोकं, बाबा."

सूर्यभान मोहोड बडनेऱ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं बाबू होते. त्यांचा आवाज ऑफिसात फारसा कोणी ऐकला नव्हता. भाजीवाल्यानं सडका टमाटा घातला तरी ते घरी आणून गुपचूप काढून टाकत. कोणत्याही गोष्टीवर 'असंच आहे' असं म्हणायचं त्यांच्या जिवावर येई; न जाणो, दुसरा म्हणतो तेही खरं असेल. आयुष्यात फक्त एका गोष्टीबद्दल त्यांना खात्री होती. मार्श लँटर्न नावाचा एक इंग्रज बँड होता, प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणारा. वीस-वीस मिनिटांची एकेक रचना, मधेच ताल बदलणारी, मधेच बासरी, मधेच चर्चमधल्यासारखा ऑर्गन. पहिल्या चार अल्बमांत दाढीवाला गायक होता. मग तो सोडून गेला आणि गुळगुळीत चेहऱ्याचा दुसरा आला. जगभरच्या चाहत्यांत तेव्हापासून दोन तट पडले, दाढीवाल्याच्या काळाचे आणि बिनदाढीच्या काळाचे. सूर्यभानजी दाढीवाल्याचे. त्यातही तिसरा अल्बम, ज्याच्या पाकिटावर पाण्यात बुडालेली घंटा आहे तो. बिनदाढीवाल्याचं त्यांनी एकच गाणं ऐकलं होतं आणि मग त्या माणसाचा आवाज कानावर पडू द्यायचा नाही असं ठरवून टाकलं होतं. ठरवलं ते पाळलं.

इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या मंडळात लेकीनं, रूपालीनं, त्यांना तीन वर्षांपूर्वी सामील करून दिलं होतं. तिथं त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. पाकिटावर शिडी असलेल्या, बिनदाढीवाल्याच्या अल्बमचं नाव दिसलं की ते पुढं सरकत. यंदा मंडळानं मतदान ठेवलं: एकच अल्बम निवडा आणि का, ते लिहा. सूर्यभानजींनी दीड महिना घेतला. अकरा वेळा फाडून बाराव्यांदा इंग्रजीत चार पानं लिहिली, रूपालीनं ती टाइप करून काल संध्याकाळी टाकली. त्यात त्यांनी लिहिलं होतं की शेवटी घंटेचा टोल पडतो, मग दोन श्वासांएवढी शांतता, आणि त्या शांततेतून ऑर्गन उगवतो, मग सात मिनिटं नुसती वाद्यंच. त्या दोन श्वासांवरच अर्धं पान होतं. शेवटचं वाक्य असं होतं, की बिनदाढीच्या उभ्या काळात या सात मिनिटांतलं एक मिनिटही कोणाला सुचलं नाही.

"लाव तो अल्बम," ते म्हणाले. "मोबाइलवर लाव."

रूपालीनं लावला. पोहे गार झाले. अखेरीस घंटा वाजली. सूर्यभानजींनी डोळे मिटले, एक श्वास, दोन श्वास. तिसरा श्वास घेतला. चौथा. मोबाइलवर जाहिरात सुरू झाली.

"संपला, बाबा."

बायको, मनकर्णा, गेली तेव्हा डॉक्टर जे बोलला ते त्यांना तीनदा विचारावं लागलं होतं. तसंच त्यांनी आता विचारलं, "संपला म्हणजे?"

"म्हणजे इतकाच हाय. डिलीट करून टाकू का तुमचं? अजून कोणी ओळखत बी नाही तुमाले."

त्यांनी कपाटातून कॅसेट काढली, रुमालात गुंडाळली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठी चालले?"

"अकोल्याले."

कॅसेट अकोल्याची होती. खुशालरावनं भरलेली. चाळीस वर्षांपूर्वी खुशालरावचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं; लोक कोरी कॅसेट नेऊन देत आणि गाण्यांची यादी देत. कृषी विद्यापीठात आलेला एक परदेशी प्राध्यापक जाताना रेकॉर्डांची पेटी त्याला देऊन गेला होता, त्यात हा बँड निघाला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सूर्यभानजी अकोल्याला जात आणि दोघं भांडत. खुशालराव बिनदाढीच्या काळाचा, शिडीच्या अल्बमचा.

गाडीत खिडकीशी बसल्यावर सूर्यभानजींना खरी गोष्ट सुचली. खुशालरावला हे ठाऊक असणारच. ज्यानं भरलं त्याला ठाऊक नसेल तर कोणाला? म्हणजे चाळीस वर्षं, दर महिन्याला, आपण त्याच्यासमोर बसून त्या सात मिनिटांची थोरवी सांगत होतो आणि तो मनातल्या मनात हसत होता. मूर्तिजापूरला ते उठून दारापर्यंत गेले. इथंच उतरावं, परतीची गाडी धरावी, पुन्हा त्याचं तोंड पाहू नये. एक बाई म्हणाली, "उतरता का जागा देता, काकाजी?" त्यांनी जागा दिली आणि अकोल्यापर्यंत उभे राहिले.

कॅसेटा संपल्या तसं खुशालरावनं दुकान विकलं होतं. घरची फुलशेती होतीच. आता देवळाजवळ त्याचा हाराफुलांचा गाळा होता. तो शेवंतीचे हार टांगत होता आणि त्याची बायको वच्छला झेंडू ओवत होती.

"अरे, आज मंगळवार," खुशालराव म्हणाला. "तुह्या कॅलेंडरचं पान फाटलं काय लेका?"

सूर्यभानजींनी रुमाल सोडून कॅसेट फुलांच्या टोपलीत ठेवली.

"हे तू केलं?"

"काय केलं?"

"दुसऱ्या बाजूच्या शेवटी. घंटेनंतर."

खुशालरावच्या हातातला हार खिळ्यापर्यंत पोचला नाही. त्यानं तो सावकाश खाली ठेवला.

"कोणी सांगतलं?"

"नॉर्वेच्या एका माणसानं."

"नॉर्वेच्या!" खुशालराव वच्छलाकडे वळला. "आयकलं काय वं? चाळीस वर्सं अकोल्यात कोणाले पत्ता नाही, अन् नॉर्वेच्या माणसानं धरलं मले!"

"हसू नको," सूर्यभानजी म्हणाले. आवाज इतका चढला की शेजारच्या नारळवाल्यानं मान वळवली. त्यांना स्वतःलाही तो आपला वाटला नाही.

खुशालरावनं स्टूल पुढं सरकवलं. "बैस. तू पांढरा पडला लेका. वच्छला, पाणी दे त्याले."

"तुले ठाऊक होतं का नाही, तेवढं सांग."

"मीच भरलं तं मले ठाऊक कसं नाही? साठ मिनिटांची टेप आणली होती तुनं. अल्बम सेहेचाळीसचा. दोनी बाजूले सात-सात उरले. गिऱ्हाइकाले रिकामी टेप द्यायची नाही, हा आमच्या धंद्याचा कायदा. एखाद्या भाऊसाहेबाच्या लावण्या असो का तुह्या मायचे भजनं, उरलेली जागा भरून द्यायची. तुह्या मायच्या भजनामागंच तं तुले हा बँड पहिल्यांदा घावला, आठवते? पहिल्या बाजूले मी त्याच दाढीवाल्याचं एक जुनं गाणं टाकलं, ते तुनं ओळखलं. दुसऱ्या बाजूले शिडीची रेकॉर्ड हाताशी होती. मधात तुह्यी ती शांतता का काय, तेव्हा मी रेकॉर्ड बदलवून राहिलो होतो."

दोन श्वास. अर्धं पान. सूर्यभानजींनी पाण्याचा गिलास घेतला, पण तोंडाला लावायचं राहून गेलं.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगणार होतो. पुढच्या महिन्यात तू आला, तो दारातूनच सुरू. दाढीवाल्यानं काय शेवट केला, तुह्या गुळगुळीत्याच्या सात पिढ्याइले जमणार नाही. मी म्हटलं, चाल, अजून एक महिना मजा घेऊ."

"हसला तू माह्यावर."

"हसलो. पहिले दोन-तीन वर्सं पोट धरून हसलो. खोटं काहून बोलू?" खुशालरावनं शेवंतीची एक पाकळी चुरली. "मंग त्याची सवयच झाली. अन् मंग मनकर्णा वैनी गेल्या."

सूर्यभानजींनी गिलास खाली ठेवला.

"तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी तू आला. याद हाय तुले? एक शब्द बोलला नाही. स्टुलावर बसला, हे टेप पुढं केली अन् म्हटलं, लाव. शेवटचं लाव. मी लावलं. झालं तं तू म्हणते, अजून. सहा खेपा लावलं मी. गिऱ्हाईक आले, मी शटर अर्धं पाडून घेतलं. तू रडला त्या दिवशी. घरी रडला नव्हता, जीवन सांगत होता मले, तुहा पोरगाच. आता तूच सांग, तेव्हा मी बोलायचं होतं काय, का बाबू, हा तुहा दाढीवाला नोहे म्हणून?"

रस्त्यावरून ऑटो गेला. वच्छलाची सुई थांबली होती.

"त्याच्यानंतर बी अठरा वर्सं झाले," सूर्यभानजी म्हणाले. "दर महिन्याले भांडलो आपण. तू हरत होता. मी म्हणो, एक मिनिट दाखव त्याचं, असं एक मिनिट दाखव. अन् तू..."

"अन् मी म्हणो, नाही बा, तसं तं नाही हाय."

"तुह्या खिशात होतं."

"होतं."

"काढलं नाही."

"काढून काय करू? भांडणच संपलं असतं. मंग तू कायले आला असता अकोल्याले? हार घ्याले?"

"मी सांगत होती याइले," वच्छला म्हणाली, "का सांगून टाका एकदाचं. दोघं सासू-सुनेवानी भांडता. त्या गोऱ्याइले सपन बी नसन का आपल्या नावानं अकोल्यात म्हातारे एकमेकाच्या उरावर बसून राहिले म्हणून."

सूर्यभानजींना हसू आलं नाही, पण मान हलली. गाडीत त्यांना वाटलं होतं की चाळीस वर्षं कोणीतरी आपल्याला खाली ढकलत होतं. आता कळत होतं की चाळीस वर्षं कोणीतरी आपल्याला धरून उभं होतं. दुसऱ्या गोष्टीनं पहिलीपेक्षा जास्त हादरायला झालं.

त्यांनी रूपालीला फोन लावला.

"डिलीट नको करू," ते म्हणाले. "खाली लिही. नॉर्वेचे गृहस्थ बरोबर आहेत. चूक माझी आहे. टेप अकोल्यात भरलेली होती, आणि अकोल्यात रिकामी जागा ठेवत नाहीत."

"हे इंग्रजीत कसं लिहू, बाबा?"

"जसं जमन तसं."

"अन् मत कोणाले द्याचं? घंटेलेच ठेवू?"

"ते थांब जरा."

फोन खिशात ठेवून ते थोडा वेळ कॅसेटकडे पाहत बसले. मग म्हणाले, "शिडीचा लाव."

खुशालरावनं त्यांच्याकडे पाहिलं. "पक्कं?"

"दुसरी बाजू."

आरत्या लावायचा छोटा स्पीकर गाळ्यात होता. खुशालरावनं मोबाइल जोडला, चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ शोधलं. आणि ऑर्गन सुरू झाला. त्याच्याआधी घंटा नव्हती, शांतता नव्हती. तो सरळ सुरू झाला, आपल्या घरात आपण चालतो तसा. सूर्यभानजी ओळखत होते. बासरी कुठं येणार, ढोल कुठं दबणार, कुठं ती एक चुकल्यासारखी नोट लागणार आणि चुकलेली नसणार. सगळं जागच्या जागी होतं. नाव तेवढं दुसऱ्याचं होतं.

सात मिनिटं झाली. त्यांची टेप इथं संपत असे. खटका उठे, आणि तोच त्यांना शेवट वाटत आला होता. कॅसेट काढायचं बटण दाबावं तसा अंगठा आपोआप गुडघ्यावर दाबला गेला. पण संगीत थांबलं नाही. ऑर्गन एक पायरी खाली उतरला, ढोल बाजूला सरले, आणि एक माणूस गाऊ लागला. हलक्या, जराशा चिरलेल्या आवाजात, अगदी जवळ बसून सांगावं तसा. ती सात मिनिटं त्याला वाट करून देण्यासाठीच होती.

सूर्यभानजी स्टुलावर ताठ झाले. ओठ थोडे उघडे राहिले.

गाळ्यासमोर एक बाई येऊन उभी राहिली. "दादा, मोठा हार केवढ्याले?"

खुशालरावनं स्पीकर बंद करायला हात पुढं केला. सूर्यभानजींनी त्याचं मनगट धरलं.

"गाऊ दे त्याले," ते म्हणाले.

बाईनं एकदा दोघा म्हाताऱ्यांकडे पाहिलं, एकदा वच्छलाकडे. मग काही न बोलता तिनं बोटानंच शेवंतीचा हार दाखवला.