डेक्लनचं भेकर

विमलताईंना मटणाचा वासही सोसायचा नाही, पण मेलेल्या जिवाच्या तोंडात पाणी घातल्याशिवाय त्या पुढे जायच्या नाहीत. शेजारच्या आयरिश डेक्लनने जवळच्या विकलोच्या डोंगरातून मारून आणलेलं हरीण रविवारी सकाळी अंगणात उतरवलं, तशा त्या तांब्या घेऊन हजर. मुलगा मकरंद इथल्या चेरीवूडच्या ऑफिसात कितीही मोठा साहेब असो, आईपुढे त्याचं काय चालतंय?

डेक्लनचा चेहरा पार उतरला होता. धुक्यात, झुडपाआड, त्याला शिका जातीच्या हरणाचा लहान नर वाटला. गोळी झाडून जवळ जातो तर शिंगंच नाहीत. मादी निघाली, आणि ऑक्टोबरात हरणाची मादी मारायला बंदी.

"लायसन्स जाणार, आई," मकरंद म्हणाला. "बापाचा हात धरून शिकार शिकलाय तो. बंदूक गेली तर खचेल बिचारा."

गुपचूप पुरून टाक, असं मकरंदने त्याला सुचवूनही पाहिलं होतं. पण डेक्लनने वाटेतूनच वनखात्याच्या रेंजरला फोन केला होता. विमलताईंना हे फार आवडलं. स्वतःहून चूक कबूल करणारी माणसं हेडमास्तरकीत त्यांना फारशी भेटली नव्हती.

पाणी घालायला त्या वाकल्या आणि थबकल्या. कपाळावर काळे पट्टे, डोळ्यांखाली खाचा, पाठीला पोक.

"अरे, हे तर भेकर. आपल्या कोयनेच्या रानात कुत्र्यासारखं भुंकतं ते. हे इकडं कुठं कडमडलं?"

मकरंदने इंग्रजीत सांगितलं. डेक्लन उकिडवा बसून बघतच राहिला. असलं जनावर त्याने कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने रेंजर आला, आणि मकरंदने आईचं म्हणणं त्यालाही सांगितलं. डोकं, खूर, शेपूट, सगळं निरखून म्हणाला, "बाईंचं जवळजवळ बरोबर आहे. तुमच्या भेकराचं हे चिनी भावंड, मुंटजॅक. कुणीतरी आणून सोडलंय. याला बंदीचा मोसमच नाही. तेव्हा सगळं ग्रँड, काळजी नको."

मकरंदचा जीव भांड्यात पडला. डेक्लन मात्र हसला नाही.

"समोर काय आहे ते न ओळखता मी गोळी झाडली," तो रेंजरला म्हणाला. ज्याच्याविना बंदूक उडत नाही, तो बोल्ट काढून त्याने पुढे केला. "मोसम संपेपर्यंत हा तुझ्याकडे ठेव."

"याला कुणी विचारलं तरी होतं का?" मकरंद पुटपुटला.

"नव्हतं ना विचारलं," विमलताई म्हणाल्या. "तरी सांगितलंन." आणि त्यांनी डेक्लनच्या पाठीवरून हात फिरवला.