चांदीच्या नाण्याची घासलेली बाजू

मित्रांनो, मी एक जुने चांदीचे नाणे आहे आणि माझ्याकडे फार वेळ उरलेला नाही.

टांकसाळीतून मी निघाले तेव्हा माझ्यात शंभरात नव्वद भाग चांदी होती. मागून आलेल्या भावंडांत निम्मीच. ती दिसायला माझ्यासारखी, पण कसाला लावली की त्यांचे पितळ उघडे पडते. बाजारात मी फारसे फिरले नाही. एका घड्याळजीने मला कोरे असतानाच कागदात गुंडाळून सुट्या भागांच्या डबीत ठेवले. तिथे माझ्यावर निळसर काळी झाक चढली. ती मळ नव्हे, तिच्यामुळेच माझा भाव वाढतो, हे घड्याळजीला ठाऊक होते. घरात कोणाला सांगायचे मात्र त्याला कधी सुचले नाही.

आता तो म्हातारा झाला, कान गेले. दोन्ही कानांना यंत्रे घ्यायची म्हणून मला विकायचे ठरले. नाणे जपलेले असेल तर चांदीच्या दुप्पट देईन, असे सोनाराने सुनेला सांगितले होते.

सून हॉटेलात नळ आणि दारांच्या मुठी चमकवायचे काम करते. तिच्या हाताखाली काळे काही टिकत नाही. काल तिने मोठ्या मायेने पावडर आणि घासणी घेतली. मला तर ओरडताही येईना. झाक गेली, नक्षीवर ओरखडे उठले. दुसरी बाजू घासायला तिने मला उलटे केले, तोच सासऱ्याने येऊन तिचे मनगट धरले. फार उशीर झाला होता.

आज सोनाराने भिंग लावले. एक बाजू पाहून खूश झाला. दुसरी पाहिली आणि भिंग खाली ठेवले.

"घासलंत ना, बाई? आता नुसत्या चांदीचा भाव. वितळवण्यावाचून याचं मी काय करणार?"

"काय म्हणतात?" म्हाताऱ्याने विचारले.

ती हळूच बोलली. त्याला ऐकू गेले नाही. शेवटी भरल्या दुकानात तिला ओरडून सांगावे लागले, "बाबा, मी घासलं म्हणून किंमत गेली. एकाच कानाचं होईल."

सगळे वळून पाहू लागले. तिची मान खाली गेली. म्हाताऱ्याने मला उचलले, क्षणभर पाहिले. मला वाटले, आता घरी नेईल. त्याने मला तराजूत ठेवले.

"एक पुरे," तो तिला म्हणाला. "निदान तुला असं ओरडावं लागणार नाही."

मला भीती वाटते, खोटे कशाला बोलू? पण तिचा राग येत नाही. सोनार चिमटा शोधतो आहे, तेव्हा थोडक्यात सांगते. जुनी, काळपट वस्तू हाती आली तर घासण्याआधी जाणत्याला विचारा. आणि जाणत्यांनो, तुम्हीही वेळेवर तोंड उघडत जा.