डॉक्टरांचा सार्वजनिक धक्का

टाचणीताई नगरपालिकेवर निवडून आल्या त्या गटारं, दिवे आणि पाण्याचा दाब या तीन विषयांवर. चौथा विषय त्यांनी पत्रकात छापला नव्हता. तो होता दातांच्या डॉक्टरांचा हिशेब चुकता करणं.

ताई शिवणकाम करतात. काम करताना तोंडात टाचण्या धरायची सवय, आणि टाचण्या काढल्यावरही बोलणं टोचतंच, म्हणून हे नाव. त्यांचे दादा तीस वर्षं नदीकाठच्या मोकळ्या सरकारी जागेत नावा दुरुस्त करत. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वरच्या अंगाला बंगला बांधला आणि पहिल्याच आठवड्यात तक्रार ठोकली. डांबराचा वास येतो, ठोकाठोकीने झोपमोड होते, आणि नियम चौदा सांगतो की नावांची दुरुस्ती फक्त सार्वजनिक धक्क्यावर करावी. गावात सार्वजनिक धक्का एकही नव्हता. नगरपालिकेने दादांना उठवलं. तेव्हापासून दादा घरी बसून शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करायचे, आणि ते मिक्सर आणखी बिघडून परत जायचे.

यंदा डॉक्टरांनी बोट घेतली. त्याच मोकळ्या जागेतून फरशी टाकली, पाण्यात लाकडी धक्का उभारला, कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि मग परवानगीचा अर्ज केला. आमच्याकडे हा क्रम उलटा समजत नाहीत.

अर्जात दोन चौकटी असतात : वापर खाजगी, वापर सार्वजनिक. खाजगीवर खूण केली की अर्ज फेटाळला जातो. म्हणून शहाणी माणसं सार्वजनिकवर खूण करतात आणि कुलूप तसंच ठेवतात. एका वकिलांची सार्वजनिक बाग आहे. तिच्यात अजून त्यांच्या सासूबाईंनाही प्रवेश मिळालेला नाही. अर्ज भरणाऱ्याला, तपासणाऱ्याला, मंजूर करणाऱ्याला, सगळ्यांना हे ठाऊक असतं. विचारत कुणी नाही. डॉक्टरांनीही तशीच खूण केली.

सभेला पाच सदस्य हजर होते. ताई आज धक्का पाडायला लावणार, अशी सगळ्यांची खात्री होती. दादांचीही होती. ते मागच्या बाकावर चोरासारखे बसले होते.

"पाडायचा कशाला?" ताई म्हणाल्या. "एवढं चांगलं लाकूड! माझा पाठिंबा आहे."

अध्यक्षांचं पेन हवेतच राहिलं. ते फरशांचे दुकानदार. वाटेची फरशी त्यांच्याच दुकानातून गेली होती, त्यामुळे हा विषय लवकर संपावा असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"ताई, याला म्हणतात मनाचा मोठेपणा," डॉक्टर उठून म्हणाले.

"अहो, मोठेपणा तुमचा! स्वतःच्या पैशाने गावाला धक्का बांधून दिलात. सार्वजनिकच आहे ना?"

"हो, म्हणजे... अर्जात आहेच तसं."

"एकदा तोंडाने म्हणा की. सचिवांना लिहून घेता येईल."

डॉक्टरांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी पंख्याकडे.

"म्हणा, डॉक्टर," दूधडेअरीवाले सदस्य म्हणाले. "रोज आम्हाला आ करायला लावता, आज तुम्ही करा."

"सार्वजनिक," डॉक्टर म्हणाले.

"लिहिलं," सचिव म्हणाले.

"मग ते कुलूप कसलं?" ताईंनी विचारलं.

"सुरक्षिततेसाठी. बोट महागाची आहे."

"बोटही सार्वजनिक का?"

"छे! बोट माझी!"

"मग कुलूप बोटीला लावा आणि फाटक काढा. नाहीतर खूण बदला, खाजगी करा. परवा पाडायला माणसं पाठवू. मला काय, दोन्ही चालेल."

डॉक्टरांचे कान लाल झाले. धक्का गेला तर बोट काय बाथरूममध्ये ठेवणार? त्यांनी फाटक काढण्याच्या हमीपत्रावर सही केली. ती वाळायच्या आत ताईंनी पिशवीतून दुसरा कागद काढला. धक्क्यावर नावा दुरुस्त करायला जागा मिळावी म्हणून दादांचा अर्ज.

"सोबत डॉक्टरांची जुनी तक्रार जोडली आहे," त्या म्हणाल्या. "नियम चौदा त्यांनी इतका छान समजावलाय, की आम्हाला वेगळं काही लिहावंच लागलं नाही."

चार हात वर झाले. पाचवा, अध्यक्षांचा, थोडा मागून आला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सातला दादांनी पहिली नाव धक्क्यावर पालथी घातली. ताई शेजारी स्टूल टाकून बसल्या. वर डॉक्टरांच्या खिडकीचा पडदा हलला. दादा मुळात मऊ माणूस.

"झोपलेत वाटतं अजून," ते कुजबुजले. "आज नुसतं पॉलिश पेपरने घासतो. आवाज नको."

"हातोडी घे."

"अगं, या नावेला खिळा लागतच नाही कुठे."

"नीट बघ. लागेल."

दादांनी नावेभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. बहिणीच्या तोंडाकडे बघितलं आणि तिसरी मारायचं रद्द केलं. जिथे काहीही सैल नव्हतं अशा एका फळीवर त्यांनी हळूच खिळा टेकवला.

"हं," ताई म्हणाल्या. "आता मार."