पांढऱ्या लुगड्याचा तास

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध विकायचं म्हणजे आधी चरवी पालथी करून दाखवायची. गिऱ्हाईक आत डोकावणार, मग चरवी म्हशीच्या कासेखाली जाणार, आणि धार पडणार ती डोळ्यांदेखत. घरून काढून आणलेल्या दुधाकडं इथं कुणी ढुंकून बघत नाही. हंबीररावाचा उभा जन्म त्या कट्ट्यावर गेला. त्याच्या घरात संशयाचाही असा रतीब लागलेला, सकाळ-संध्याकाळ, ताजा.

त्याची बायको विठाबाई शेणाच्या गोवऱ्या थापता थापता गुणगुणायची,

लेक माझी शालन, जशी केवड्याची पात
दारी हिंडतो ग वारा, त्याच्या मनी काय घात

शालन मिशनच्या मुलींच्या हायस्कुलात अकरावीला होती. तेव्हा अकरावी म्हणजे मॅट्रिकचं वरीस. दहावीपर्यंत सारं सरळ होतं. अकरावीला विषय निवडायचे आले. कुणी संस्कृत घेतलं, कुणी शिवण. शालननं घेतली गृहपरिचर्या.

"म्हंजे काय गं?"

"घरातल्या आजारी माणसाचं करायचं, आई. बाळ-बाळंतिणीचं बघायचं."

"त्याला शाळा लागती व्हय? आमी काय झाडाला लागलोतो?"

शालन हसली, पण तेव्हापासून पोरगी बदलली. धारेला बसायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लागली. भाकरी पुढं आली की क्षणभर गप्प राहायची, आणि विठाबाईला वाटायचं, आत काहीतरी पुटपुटतीय. कधी नव्हं ते ट्रंकेला कुलूप आलं. कुलूप म्हणजे काय, इथं काहीतरी लपवलंय असं नुसतं बोट दाखवणं! विठाबाईनं एका दुपारी सळईनं ते उघडलं.

आत, वह्यांच्या खाली, कोरं पांढरं लुगडं होतं. ना काठ, ना पदर.

शेजारची चाँदबी गल्लीचं शिवणकाम करायची. विठाबाईनं लुगडं पदराआड नेऊन तिला दाखवलं. चाँदबीनं कापड बोटांत चुरलं. "विठाक्का, मिशनच्या लगीनघरात मी पोलकी शिवाया जातो की. त्यांची नवरी अशीच पांढरी नेसती बघ."

विठाबाईनं लुगडं परत पदराआड ओढलं. कुंकवाआधीच पांढरं? आपल्यात पांढरं नेसतं कोण आणि कवा, हे काय सांगायला पाहिजे?

हंबीररावानं ऐकलं आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारली. म्हैस दचकली. "उद्यापासनं शाळा बंद. कुरुंदवाडचं स्थळ आलंय, पौषानंतर बार उडवून टाकू."

"अवो, आदी बघून तरी येतो," विठाबाई म्हणाली.

"काय बघतीस? पोरगी बाटली तर तोंड कुठं दाखवू? कट्ट्यावर दूध कोण घेईल?"

"पालथी चरवी बघितल्याबगर तुमचं गिऱ्हाईक तरी घेतंय का? मग मी कशी देऊ पोरीचा बळी?"

"बरं, तू बघून येस्तवर जाऊ दे तिला शाळंत," तो म्हणाला. त्याचंच माप त्याला घातलं होतं.

मंगळवारी दुपारी विठाबाई शाळेच्या दारात उभी राहिली. गृहपरिचर्या शिकवणाऱ्या एस्तेरबाई समोर आल्या. कपाळ मोकळं, हात मोकळे, बोलणं मात्र शेजारणीसारखं.

"या, बसा. पाणी आणू?"

"तान न्हाय," विठाबाई म्हणाली. घशाला कोरड पडली होती. "माझ्या पोरीला काय शिकवताय ते मला बघायचंय. माझ्या डोळ्यांदेखत शिकवा."

तिला वाटलं, आता कारणं सांगतील. एस्तेरबाई नुसतं म्हणाल्या, "मागच्या बाकावर बसा. आता तासच आहे."

इतक्या सहज हो म्हणतात म्हणजे काहीतरी डाव असणार, असं मनात धरून विठाबाई बसली.

पोरी आत आल्या. सगळ्या पांढऱ्या! शालनही त्यांच्यात, तेच लुगडं नेसलेली. आई दिसली तशी ती जागच्या जागी थिजली. गंगावेशीची जैनाची पोर, रविवारपेठेतली मुसलमानाची पोर, सगळ्या बगळ्यांच्या माळेसारख्या एका रांगेत. लगीन तर एवढ्या जणींचं नसणार. मग सगळ्याच बाटवल्या का काय?

"पांढऱ्यावर डाग लपत नाही," एस्तेरबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या. "म्हणून हे कापड. शालन, पुढं ये."

टेबलावर स्टो फरफरत होता. पातेल्यात पाणी उकळत होतं, त्यात ब्लेड आणि दोरा. शेजारी चिंध्यांचं बाळ, बेंबीला नाडी शिवलेली. शालननं हात धुतले, कोपरापर्यंत, घरी धुवायची तसेच. चिमट्यानं दोरा काढला, दोन ठिकाणी गाठ मारली आणि मधे नाळ कापली.

"आता काय लावशील?"

"काय न्हाई, बाई."

"राख?"

"न्हाई. शेण न्हाई, हळद न्हाई. कोरडं, स्वच्छ फडकं."

"आणि लावलं तर?"

शालननं आईकडं पाहिलं, मग खाली. "बाळ दूध सोडतं. दातखीळ बसती. पाठ धनुष्यागत वाकती. आठवड्यात..."

पुढचं विठाबाईला ऐकू आलं नाही.

शालनच्या आधी तिला मुलगा झाला होता. गल्लीच्या सुईणीनं, बयाबाईनं, नाळ विळ्यानं कापली, वर चुलीतली राख दाबली. चांगलं गुटगुटीत पोर. मग त्यानं छाती सोडली, मूठ मिटली ती उघडेना, कंबर कमानीगत झाली. सगळी म्हणाली, सटवाईचं काहीतरी चुकलं. विठाबाईनं त्यानंतर सटवाईला किती नारळ फोडले! आपलंच काय चुकलं, हे शोधता शोधता तिची जवानी सरली.

तास संपला. पोरी उठून डोळे मिटून उभ्या राहिल्या. एस्तेरबाई प्रार्थना म्हणू लागल्या. विठाबाईनं डोळे उघडे ठेवले आणि शालनचे ओठ बघत राहिली. हलले का? थोडेसे हलले. का तिलाच तसं वाटलं?

वर्ग रिकामा झाला तरी ती बाकावरून उठली नाही. शालन दाराशी घोटाळत होती.

"बाई, एक इचारू?" आणि विठाबाईनं सगळं सांगितलं. विळा, राख, मिटलेली मूठ. "त्यानंच गेलं का?"

एस्तेरबाईंनी चिंध्यांचं बाळ उचलून टेबलाच्या कडेला ठेवलं. विठाबाई सावध बसली. आता गोड बोलतील. दुखऱ्या जागेवर हात ठेवूनच तर माणसं जाळ्यात ओढतात.

"बहुतेक त्यानंच," एस्तेरबाई म्हणाल्या. "पण मी तिथं नव्हते. नक्की कसं सांगू?"

विठाबाईनं मान वर केली. खोटं बोलणारा असं कधी अडखळत नाही, त्याला सगळं ठाऊक असतं.

"त्याच्यासाठी प्रार्थना करू का?"

"नको."

"बरं." आणि एस्तेरबाई खरंच गप्प राहिल्या. स्टो विझवून पातेलं पुसायला लागल्या.

मायलेकी घरच्या रस्त्याला लागल्या.

"मघाशी काय पुटपुटत हुतीस गं?"

"तू रागावशील का, तेच म्हणत होतो."

"कुणाला?"

"कुणाला न्हाय. माझं मला."

विठाबाईचा पुरता विश्वास बसला नाही. पण कुलपाची सळई तिनं मांडणीमागं सारली होती, ती काढून भंगारवाल्याला द्यायची असं तिनं चालता चालता ठरवलं.

"काय बघितलंस?" घरी आल्या आल्या हंबीररावानं विचारलं.

"अजून सगळं बघून झालं न्हाय. पुढच्या मंगळवारी परत जातो. तवर कुरुंदवाडच्या पावण्यांना काय बी सांगू नका."

"आणि बाटली तर?"

"मी बसतो की तिथं राखण."

पुढच्या मंगळवारी ती निघाली ती एकटी नव्हती. सोबत बयाबाई होती, कंबरेत वाकलेली, तोंडात मिसरी. चाँदबीच्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि बयाबाईला कालच बोलावणं आलं होतं.

"मला कशाला आणलंस गं हिकडं, किरिस्तावात?" टेबलावरचं चिंध्यांचं बाळ बघून ती चरकली. विठाबाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि काय समजायचं ते समजली. "व्हय गं, मला दोष द्याया आणलंस?"

"दोष न्हाय, बयामावशी. बसा."

"म्या हज्जार पोरं काढली ह्या हातांनी."

"शालनला बी तुमीच काढलं. बसा की."

बयाबाई उठायला गेली. विठाबाईनं तिचं मनगट धरलं, घट्ट, पण दुखेल असं नाही. शेवटी म्हातारी बसली, तोंड भिंतीकडं करून.

पुढं शालननं स्टो पेटवला. विठाबाईनं बयाबाईला वळवलं नाही. ती फक्त थोडी बाजूला सरकली, म्हणजे म्हातारीनं मान फिरवलीच, तर टेबल दिसावं.